मेथीचे तीन रविवार

अक्का,

तुझा तेरावा झाला. पाहुणे गेले, मंडपाचे बांबूही गेले. मंगलनं तुझी खाट अंगणात उन्हाला टाकलीय. सासू आत झोपलीय असं समजून ती अजून घरात पाय न वाजवता चालते. मी औरादला घरी परतलो नाही. निवृत्त मास्तरला कुठं जायची घाई असते? पडवीत बसून लिहितोय.

हे लिहिणं तुला आवडलं नसतं. औषधाचं जे कागदावर उतरलं त्याचा गुण गेला, असं तू म्हणायचीस. म्हणून त्या पाल्याचं नाव मी इथे लिहीत नाही. मला ते मराठीत येतं, कन्नडात येतं, पुस्तकातलं लांबलचक नावही येतं. एकेकाळी ते लांबलचक नाव तुझ्या तोंडावर फेकायची मला फार हौस होती. तू शांतपणे भाकरी थापत म्हणायचीस, "एवढं मोठं नाव घेऊन हाक मारलास तर झाड पळून जाईल रे मास्तर."

आईनंतर काविळीचं औषध तू द्यायला लागलीस. दर रविवारी दिवस उगवायच्या आत तुझ्या ओट्यावर माणसं बसलेली असत. चिटगुप्प्याच्या आसपासच्या खेड्यांतली, हुमनाबादच्या कारखान्यांतली, एकदा तर धाब्यावर लॉरी उभी करून आलेला एक पंजाबी ड्रायव्हरसुद्धा. त्याला मराठी येईना, तुला त्याची बोली कळेना. तरी तू त्याला सगळं पथ्य हातवाऱ्यांनी समजावलंस आणि तो तुझ्या पाया पडून गेला. औषधासाठी तू पैसा घेतला नाहीस, नारळसुद्धा नाही. आदल्या सांजेला बांधावर जाऊन त्या झाडापुढं चार अक्षता ठेवायच्या आणि "उद्या येते" म्हणून सांगून यायचं, हा तुझा नेम. सकाळी पाला खुडायचा, पाट्यावर वाटायचा, ताकात कालवायचा. घेणाऱ्यानं घोट पोटात जाईपर्यंत बोलायचं नाही. देणाऱ्यानं उपाशीपोटी द्यायचं. आणि देणाऱ्यानं आपल्या हातानं आपणच कधी घ्यायचं नाही.

हा शेवटचा नियम एवढा महाग पडेल असं आपल्या दोघांनाही वाटलं नव्हतं.

तुला अकराव्या वर्षी कावीळ झाली होती ते मला आठवतं. मी सहा वर्षांचा. तू घोंगडीवर पडलेली, डोळे हळदीसारखे, आणि तुझ्या उशाशी उसाच्या सोललेल्या गंडेऱ्यांची वाटी. त्या मी एकेक करून खाल्ल्या. आईनं विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "मीच खाल्ले." आईनं तुला तीन रविवार पाला दिला आणि चौथ्या रविवारी तुझे डोळे पांढरे झाले. आपल्या घरात ती गोष्ट पन्नास वर्षं सांगितली गेली. तुझ्या या आजारपणात हैदराबादच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की यकृतातला विषाणू बहुधा लहानपणापासूनच होता, दबा धरून. आईनं पिवळेपण उतरवलं, की ते आपोआप उतरलं, की दोन्ही? हा आपला कायमचा वाद. मी सायन्सचं पुस्तक उघडून तुझ्यापुढं धरलं होतं.

"हे बघ अक्का, बहुतेक कावीळ आपोआप उतरते. तीन-चार आठवड्यांत."

"आपोआप?"

"व्हय."

"मग आपोआप उतरंपर्यंत माणूस माझ्या ओट्यावर बसला, तर तुझं काय जायलंय?"

मी चिडलो होतो. आता हसू येतं. पण अक्का, दर वेळी ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. शेजारच्या गावातला तो शेतकरी आठवतो? तीन रविवार तुझ्याकडं आला. चौथ्या रविवारी आलाच नाही, त्याला बिदरला नेलं होतं. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता, पू झाला होता. तो वाचला नाही. मी तुला म्हणालो, "तुझ्या पाल्यानं त्याचे तीन आठवडे खाल्ले." तू म्हणालीस, "मी त्याला दवाखान्यात जाऊ नको म्हणले का?" मी म्हणालो, "जा तरी म्हणालीस का?"

आठ महिने आपण बोललो नाही. नंतर मंगलकडून कळलं की त्या आठवड्यात तू दोन दिवस जेवली नव्हतीस. पुन्हा बोलायला लागलो तेव्हा त्या माणसाचा विषय आपण दोघांनीही टाळला. तो राहिलाच. मी बरोबर बोललो होतो असं मला आजही वाटतं. पण ज्या आवाजात बोललो तो परत घ्यावासा वाटतो.

गेल्या अश्विनात तुझा रिपोर्ट आला: यकृतात कॅन्सरची गाठ. शिवा पुण्याहून दोन दिवस येऊन गेला आणि म्हणाला, "मामा, आई तुमचंच ऐकंल." तू कुणाचंच ऐकणारी नव्हतीस. तू तुझा सौदा मांडलास.

"तू म्हणशील त्या दवाखान्यात येते. सुई घेते, नळी घेते, तुझं ते किमो का काय ते घेते. पण घरी आल्यावर पहिल्या रविवारी आपलं औषध घेणार. अन् ते तू द्यायचं."

"मी कामून? मंगल देईल की."

"मंगल सून हाय. हे रक्तातल्या माणसाकडं जातंय. शिवाला तर तूर अन् तण वेगळं कळत न्हाई. तूच ऱ्हायलास."

"अन् मी न्हाई म्हणलो तर?"

"तर मी बी न्हाई म्हणंन."

मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी तू मला बांधावर नेलंस. तूर कमरेला लागत होती. तू चार पावलं चालायचीस, थांबायचीस, मला पुढं जाऊ द्यायची नाहीस. विहिरीच्या पाटाजवळ बसलीस आणि माझा हात धरून त्या झाडावर ठेवलास. वीतभर झाड. मी ते वर्गात मुलांना दाखवलेलं होतं, पानांच्या खाली मण्यांसारखी फळं लागतात ती मोजायला लावली होती. पण तुझ्या हाताखाली माझा हात होता तेव्हा ते मला अनोळखी वाटलं. आपण दोघांनी मिळून एक फांदी खुडली. "झालं," तू म्हणालीस. मला वाटलं, ओळख करून देणं झालं. काय झालं होतं ते मला फार उशिरा कळलं.

हैदराबादला मांडीच्या धमनीतून बारीक नळी थेट यकृतापर्यंत नेऊन तिथंच औषध सोडणार होते. आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तुझा हात हातात घेऊन सांगितलं, "अम्मा, घर के पत्ते, जड़ी, काढ़ा, कुछ बी नक्को. कलेजे पे पैलेच बोझा है. किमो के साथ मिलके क्या करता, किसे मालूम?"

"नै लेतूं मैं, बोली ना," तू म्हणालीस. चेहरा असा, की मीसुद्धा फसलो.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "म्हणजे सोडलीस ना?"

"तिला न्हाई घेत म्हणले. तुला म्हणले का?"

त्या वॉर्डात तू चार दिवस होतीस आणि चौथ्या दिवसापर्यंत निम्म्या वॉर्डाला पथ्य सांगून मोकळी झाली होतीस. जहिराबादच्या एका बाईला नर्सनं इडली दिली तर तू तेलुगूत ओरडलीस की चटणी नको. ताप, उलट्या, पोटातली आग. त्यातही तू खाटेवरून राज्य करत होतीस. आणि मी कॉरिडॉरमधल्या बाकावर पुस्तक उघडून एकच पान तासभर धरून बसलो होतो. पाला दिला आणि यकृत बिघडलं तर तुला मी मारलं असं होणार. नाही दिला तर पुढच्या किमोला तू येणार नाहीस, आणि तेही मी मारल्यासारखंच. तुला समजावून सांगावं म्हटलं तर पन्नास वर्षांत मी तुला एक गोष्ट समजावू शकलो नव्हतो.

म्हणून मी चिटगुप्प्याच्या बाजारातून मेथीची जुडी घेतली.

आता लिहिताना माझीच मला लाज वाटते. ती खोटं बोलल्याची नाही, त्या खोट्याच्या अडाणीपणाची. कडू आहे, हिरवी आहे, वाटली की ताकात मिसळते. एवढाच विचार मी केला. मी सदतीस वर्षं सायन्स शिकवलेला माणूस. मेथीचा वास आपल्याकडं आंधळ्यालाही कळतो हे मला सुचलंच नाही.

शनिवारी सांजेला तू दारातून बघत होतीस म्हणून मी अक्षता घेऊन बांधावर गेलो. त्या झाडाला "उद्या येतो" म्हणालो. खरंच म्हणालो, मोठ्यानं, आजूबाजूला कुणी नाही हे बघून. रात्री तू पुंडीची भाजी आणि कारळाची चटणी करायला लावलीस, आपण आईच्या गोष्टी काढल्या, त्या गंडेऱ्यांची गोष्ट निघाली आणि तू म्हणालीस, "त्या टायमाला खोटं बोलले मी तुझ्यासाठी. फेडशील कधीतरी." पिशवीत पुस्तकांच्या खाली जुडी होती. 

सकाळी बांधावर फेरी मारून आलो, स्वयंपाकघराचं दार लोटून पाट्यावर वाटलं. तू पूर्वेकडं तोंड करून बसलेली. वाटी हातात घेतलीस, नाकाशी नेलीस. थांबलीस. माझ्याकडं बघितलंस. घोट पोटात जाईपर्यंत बोलायचं नाही, हा नियम माझ्या कामी आला असं मला त्या वेळी वाटलं. एका दमात प्यालीस, पदरानं तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "बारीक वाटलास. पहिल्यांदा वाटणाऱ्याचं असं बारीक येत न्हाई."

आणि मी मूर्ख, खूश झालो!

दुसऱ्या किमोनंतरच्या रविवारी तू एवढंच म्हणालीस की ताक आंबट होतं. त्या वेळच्या तपासणीत गाठ लहान झाली होती. तू सगळ्या गल्लीत सांगितलंस, "मास्तरच्या हाताला गुण हाय." शेजारच्या काकू मला बघायला आल्या. त्यांनी माझा हात उलटासुलटा करून पाहिला. मी मान खाली घालून उभा, आणि तू खाटेवर पडून सगळी मजा बघत होतीस. मजाच बघत होतीस ना? तेव्हा कळलं नाही.

तिसरा रविवार संक्रांतीनंतरचा. हाडांना कातडं लागलेलं, तळहात काळे पडलेले. वाटी रिकामी केलीस, माझ्या हातात दिलीस, आणि खिडकीतून बाहेर बघत, अगदी सहज:

"औंदा मेथी लई कवळी आली म्हणं चिटगुप्प्याच्या बाजारात."

 मी म्हणालो, "असंल. मला काय माहीत?"

"हं. दर शनिवारी बाजारातून येतोस, माहीत न्हाई व्हय."

मग तू डोळे मिटलेस. तुझ्या ओठांच्या कडेला ते हसू होतं, आईनं गंडेऱ्यांबद्दल विचारलं तेव्हा होतं तसलं. त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. "अक्का, मला भीती वाटली" एवढे चार शब्द. मी वाटी धुवायला गेलो. पुढं चैत्रापर्यंत विषय निघाला नाही. तूही काढला नाहीस आणि मीही नाही.

तेव्हापासून एकच प्रश्न माझ्या मागं आहे. पहिल्याच दिवशी तुला कळलं होतं, तर तू किमोला का येत राहिलीस? सौदा मी मोडला होता. तू मोडायला मोकळी होतीस. मला कधी वाटतं, तुला स्वतःलाच तो पाला घ्यायचा नव्हता, डॉक्टरीणबाईंचं तुला पटलं होतं, आणि मला ते सांगणं तुझ्या मानाला परवडणारं नव्हतं. कधी वाटतं, ज्या हातानं हजारांना दिलं त्या हातानं माझ्यावर टाकलेला विश्वास मी मेथीत वाटून टाकला, आणि तू भावाचं मन मोडू नये म्हणून गप्प राहिलीस. यातलं कुठलं खरं, ते तू नेलंस.

चैत्रात पोटात पाणी झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता किमो यकृताला सोसणार नाही, घरी न्या, खायला वाटेल ते द्या. वाटेल ते! मी तसाच बांधावर गेलो. ऊन असं की पाट सुकलेला, सगळं तण वाळून गेलेलं. विहिरीच्या दगडांच्या सावलीत, ओलीला धरून, दोन झाडं सापडली. आदल्या सांजेला मी त्यांना सांगून आलो आणि या वेळी दिलेला शब्द पाळला. रविवारी उपाशीपोटी वाटलं, ताकात कालवलं, तुझ्यापुढं धरलं. तू वाटी नाकाशी नेलीस आणि तुझे डोळे भरले.

"हे आपलं हाय," तू म्हणालीस. नियम मोडून, घोटाच्या आधी बोललीस.

"व्हय अक्का. घे."

"न्हाई."

"कामून? आता डॉक्टरीण काय म्हणायली न्हाई. घे की."

"पोटात पाणी उतरल्यावर आपलं औषध द्यायचं न्हाई. किती जणांना मी परत पाठवले तुला माहीत हाय? बाया पाय धरून रडल्या. त्यांना न्हाई दिले अन् मी घेऊ?"

"तुझी गोष्ट वेगळी हाय."

"माझी कामून वेगळी?" तू वाटी माझ्या हातात ठेवलीस. तुझ्या हातात ताकद नव्हती पण ती वाटी मला परत घ्यावी लागली. "मोरीत नको वतू. झाडाच्या बुडाला घाल. अन् रडू नको मास्तर, तुझ्या मेथीनं चार महिने छान गेले माझे."

म्हणजे तू बोललीस. एवढंच, आणि असंच. मी अंगणात लिंबाच्या बुडाशी वाटी रिती केली आणि बराच वेळ तिथं उभा राहिलो. आत तू मंगलला सांगत होतीस की मास्तरला चहा दे, उपाशी हाय तो.

नंतरचे दिवस मी मोजत नाही. दुपारी मी तुला वाचून दाखवायचो, लहानपणी तू चुलीपुढं असताना दाखवायचो तसं. चौथीनंतर तुझी शाळा सुटली आणि माझी पाठ्यपुस्तकं तू कानानं वाचलीस. तुला कन्नड अक्षरं यायची, मराठी नाही. तुझी मराठी तू कन्नड अक्षरांत लिहायचीस, आणि तुझ्या त्या चिठ्ठ्या वाचायला मीच लागायचो. शेवटी शेवटी मधेच विचारायचीस, "मग पुढं काय झालं?" मी बघायचो तर तुला झोप लागलेली. पुस्तक बंद केलं की जागी व्हायचीस.

आज रविवार. पहाटे पडवीत आलो तर ओट्यावर एक नवरा-बायको बसलेले. हुमनाबादकडचे. तो कारखान्यात कामाला, तिशीतला, डोळे पिवळेजर्द. त्यांना तुझं कळलेलं नव्हतं. मी सांगितलं तशी ती बाई तोंडाला पदर लावून रडली. तिच्या माहेरच्या तिघांना तू बरं केलं होतंस म्हणाली.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुमी अक्काचे कोण?"

"धाकटा भाऊ."

"मग अक्कानं तुमाला दाखवलं असंल की."

तेव्हा मला कळलं, अक्का. तुरीच्या शेतात माझा हात झाडावर ठेवून तू "झालं" म्हणालीस, ते काय झालं होतं. आईनं तुला असंच दिलं असणार. दाखवलं म्हणजे दिलं. मला, ज्यानं जन्मभर टिंगल केली त्याला. झाड इथून पन्नास पावलांवर होतं. मी उपाशीपोटी होतो. तो माणूस माझ्या हातांकडं बघत होता.

"न्हाई," मी म्हणालो. "मला दाखवलं न्हाई."

त्या बाईनं माझ्याकडं नीट बघितलं. माझं खोटं तिला कळलं की नाही, सांगता येत नाही. तुझ्या ओट्यावर बसणाऱ्यांना बरंच काही कळतं. मग म्हणाली, "इतक्या लांबनं आलाव. पथ्य तरी सांगा."

पथ्य मला पाठ आहे. पन्नास वर्षं ऐकलंय. मी पायरीवर बसलो आणि सांगायला लागलो, आणि बोलता बोलता माझा आवाज कधी तुझ्यासारखा चढा झाला, कळलं नाही. "तेल बंद. तिखट बंद. दारूचा थेंब न्हाई. उन्हात फिरायचं न्हाई. भात अन् ताक. अन् हितनं सरळ दवाखान्यात जायचं, रगत तपासल्याबिगर घराचा उंबरा चढायचा न्हाई."

ती बोटांवर धरत होती. शेवटचं तिनं दुसऱ्या हाताच्या करंगळीवर धरलं आणि नवऱ्याकडं वळून दटावून म्हणाली, "ऐकलाव का? अक्काचं पथ्य हाय, मोडायचं न्हाई."